वजा आठ, वजा चार

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्याच्या वर चार बोटांवर होता. पायाभोवती पूर्ण फिरलेला, साधारण तीन मिलिमीटर खोल. आणि मोजे तर तिने आदल्या संध्याकाळी घरी आल्या आल्याच काढून टाकले होते. पलंगाच्या कडेला बसून, पाय स्टुलावर घेऊन तिने नडगीवर अंगठा दाबला, पाच मोजले आणि उचलला. खड्डा पडला. तो भरून यायला एकोणीस सेकंद लागले. शनिवारी अकरा लागले होते, सोमवारी चौदा.

एकोणीस हा आकडा तिने कुठेच लिहिला नाही. नुसत्या पायांच्या सुजेला फार भाव देऊ नका, चेहरा आणि हात बघा, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. तिने हात बघितले. अंगठी दोन आठवड्यांपूर्वीच साबण लावून काढली होती, त्यामुळे हातांकडून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं.

आज पस्तीस आठवडे आणि पाच दिवस. सदतीस पूर्ण व्हायला अजून नऊ दिवस. नवऱ्याचं जहाज आठव्या दिवशी बंदराला लागणार होतं. नऊ दिवस म्हणजे काय मोठं, असं ती दिवसातून वीसदा स्वतःला म्हणत असे.

तिने प्रेशरच्या यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला, पाठ टेकवली, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवली. आता पाच मिनिटं गप्प बसायचं. दिवसभरातलं हे सगळ्यात अवघड काम. त्या पाच मिनिटांत तिचे डोळे खोलीभर फिरून येत: कपाटाचं न लागणारं दार, मागच्या खेपेचे धुऊन वाळवलेले लंगोट, भिंतीवरचं कॅलेंडर. पोटातलं बाळ एकदा सरकलं. बटण दाबल्यावर पट्टा फुगला, दंड आवळला, सुटला.

एकशे चौसष्ट, एकशे आठ.

हे पहिलं रीडिंग. ते धरायचं नाही. दुसरं एकशे साठ, एकशे सहा. तिसरं एकशे अठ्ठावन्न, एकशे चार. तिने वही उघडली, तारखेपुढे शेवटचं रीडिंग मनात धरलं, त्यातून वरचे आठ आणि खालचे चार वजा केले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: १५०/१००.

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरीणबाईंचं गिचमिड अक्षर होतं. दीडशे किंवा शंभरच्या वर गेलं तर फोन. एकशे साठ किंवा एकशे दहाला पोचलं तर फोनही नको, तडक या. त्याखाली: सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर आकडे न बघता या.

दीडशे म्हणजे दीडशेच्या वर नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं.

ती मापांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कारखाने, दवाखाने, गॅसचे डेपो आपापले दाबमापक तिथे पाठवायचे आणि ती ते प्रमाण दाबमापकाशी ताडून बघायची. ज्याच्यात जेवढी चूक सापडेल तेवढी दुरुस्ती त्याच्या प्रमाणपत्रावर लिहायची: अमुक दाबाला इतकं मिळवा, तमुक दाबाला इतकं वजा करा. तिथे या दुरुस्तीला सगळे करेक्शनच म्हणत. ताडण्याआधी मापक दोन-तीनदा पूर्ण दाबापर्यंत नेऊन मोकळा करायचा, म्हणजे आतली स्प्रिंग सैल होते. ती पहिली रीडिंगं धरायची नसतात. बारा वर्षं हेच केल्यावर ती सवय घरच्या यंत्रालाही लागली, यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. आणि वजा आठ, वजा चार हे करेक्शनही तिचंच. चार आठवड्यांपूर्वी सकाळी घरच्या यंत्रावर एकशे शेहेचाळीस-ब्याण्णव आलं होतं आणि तासाभराने दवाखान्यात एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. म्हणजे घरचं यंत्र वर आठ आणि खाली चार जास्त दाखवतं. तिने तेव्हाच यंत्राच्या पाठीवर बारीकशी चिठ्ठी डकवून टाकली होती.

"किती आलं गं मापाडीण?" दारातून नणंदेने विचारलं. तिच्या एका हातात कंगवा होता आणि दुसऱ्या हातात भाचीची, मुंगीची अर्धी वेणी. वेणीला जोडलेली मुंगी नाइलाजाने मागे मागे आली होती.

"दीडशे-शंभर."

"काल?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"म्हणजे चढतंय."

"दोनाचा फरक हा फरक नसतो, वन्सं. तेवढी चूक यंत्राचीच असते."

"तुझ्या यंत्राची चूक बरी मेली नेहमी तुझ्याच बाजूने पडते!" नणंद म्हणाली. तिने बत्तीस वर्षं बसडेपोच्या तिकीट खिडकीवर काढली होती आणि समोरचा माणूस सुटे नाहीत म्हणतो तेव्हा त्याच्या कुठल्या खिशात ते आहेत, हे तिला बघताक्षणी कळायचं. "चेहरा बघ आरशात. भाकरीसारखा टम्म फुगलाय."

"झोप झाली नाही."

"मग आज घरी झोप. तू नाही गेलीस तर काय कारखान्यांचे दाब उतरणार आहेत?"

"घरी बसले की जास्त वाईट वाटतं."

हे मात्र खरं होतं. घरी बसलं की ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. नणंदेने कंगवा कमरेला खोचला आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय, दाखल हो म्हणून. दोनदा तू म्हणालीस, दोन दिवस थांबू या. हे तुझे दोन दिवस आहेत की रबर?"

मुंगी वेणी सोडवून घेऊन पळाली.

मुंगी तिची मोठी मुलगी, पाच वर्षांची. तिला मुंगी म्हणायला लागले ते पहिल्याच दिवसापासून, कारण जन्मली तेव्हा ती एक किलो चारशे ग्रॅमची होती. तेव्हाही हेच झालं होतं: प्रेशर, लघवीत प्रथिनं, तेहतिसावा आठवडा. एक अनोळखी, घाईतला डॉक्टर पलंगाशी येऊन म्हणाला होता, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. आणि ती एका मिनिटात हो म्हणाली होती. एक प्रश्नही विचारला नव्हता. मग तेहतीस दिवस काचेच्या पेटीत मुंगी, नाकात नळी, पायाला वायर, आणि पेटीच्या गोल भोकातून आत घातलेला तिचा स्वतःचा हात. एका परिचारिकेने तेव्हा सहज म्हटलं होतं, "पोटातला एक-एक दिवस सोन्याचा असतो हो." म्हणणारी म्हणून गेली. हिच्या मनात ते रुतून बसलं ते बसलंच. आपण थांबलो असतो तर? विचारलं तरी असतं तर? मुंगी आता घरभर धावते, शिड्या चढते, पण मुलीला जरा खोकला आला की हिच्या मनात ते एक मिनिट उभं राहतं. या खेपेला ती घाई करणार नव्हती. बाराव्या आठवड्यापासून रोज एक बारीक ॲस्पिरिनची गोळी, दर पंधरवड्याला लघवी, रक्त, सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि नाळेतला रक्ताचा वेग, महिन्याभरापासून प्रेशरच्या गोळ्या दिवसातून तीनदा. सगळं तिने वेळच्या वेळी, घड्याळ लावून केलं होतं. फक्त हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

*

प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कपाळाच्या मागे ठणका सुरू झाला होता. ती पाणी प्यायली. खुर्चीत बसली, उठली, खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा बसली. फोनवर नवऱ्याचा निरोप आला होता: आज किती? तिने लिहिलं: दीडशे-शंभर, ठीक आहे. तिकडून अंगठा आला. जहाजाच्या इंजिनखोलीत जाण्यापूर्वी तो रोज हा एक प्रश्न विचारायचा आणि मग आठ तास त्याच्याशी बोलता यायचं नाही.

टेबलावर सह्यांसाठी कागद होते. त्यांच्याकडचा नियम असा की ज्याने रीडिंग घेतलं त्याने ते तपासायचं नाही. तपासणारा दुसरा, आणि दुसरी सही झाल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी एका बॉयलरच्या मापकाचं प्रमाणपत्र केलं होतं. करेक्शन: वजा तीन. तिने मागची रीडिंगं चाळली. एकच होतं.

"अहो, एका रीडिंगवरून करेक्शन काढलंत?" तिने मान न वळवता विचारलं.

"बॉयलरवाले घाई करत होते हो. आणि फरक स्पष्ट दिसत होता."

"फरक दिसतो, पण कुणाचा ते कसं कळणार? मापकाचा, की त्या वेळी दाबच बदलला होता? निदान पाच दाबांना, चढताना-उतरताना…"

ती बोलता बोलता थांबली. गृहस्थ वाट बघत होते. तिने कागदावर लाल शाईने 'पुन्हा करा' लिहिलं आणि त्यांच्याकडे सरकवला.

एका तासात माणसाचं प्रेशर आठ अंकांनी उतरू शकतं. रिक्षात बसून उतरू शकतं, गोळी लागू पडून उतरू शकतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हे तिला प्रमाण दाबमापकाच्या अनुक्रमांकाइतकं पाठ होतं. तरी चार आठवडे तिने एका रीडिंगवरून काढलेलं करेक्शन रोज दोनदा वजा केलं होतं. घेणारी ती, तपासणारी ती, सही करणारीही तीच.

पर्समध्ये यंत्र होतंच, दुपारच्या रीडिंगसाठी. ते घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

तिथे मिस्त्री पितळी जोड घासत बसला होता. जोड, नळ्या, झडपा यांचं सगळं काम त्याचं. साठीला टेकलेला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. तिच्या हातातलं यंत्र बघून त्याने काम खाली ठेवलं.

"तिहेरी जोड लागेल ना, बाई?"

"हो. बारीक रबरी नळीला बसेल असा."

"कुणाचं यंत्र?"

"एका नातेवाइकांचं."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "नातेवाइकांना बसायला खुर्ची देऊ का? उभ्याने पाय दुखतील त्यांचे."

ती हसली, आणि हसताना बरगडीखाली काहीतरी खुपलं. बाळाचा पाय असेल. ती बसली.

मिस्त्रीने पट्टा एका जाड काचेच्या बाटलीभोवती आवळला. पट्ट्याची नळी तिहेरी जोडाला, जोडाचं एक तोंड यंत्राला, एक प्रमाण दाबमापकाला. आता पट्ट्यातला दाब दोघांनाही एकदमच कळणार. मिस्त्री प्रमाणाचा काटा वाचणार, ती यंत्राच्या पडद्यावरचा आकडा.

"पन्नास," मिस्त्री म्हणाला.

"पन्नास."

"शंभर."

"शंभर."

"दीडशे."

पडद्यावर एकशे एकोणपन्नास होतं. तिने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. "एकशे एकोणपन्नास."

"दोनशे."

"एकशे नव्याण्णव."

मग उतरताना. दीडशेला दीडशे, शंभरला शंभर. त्यांनी सगळं तीनदा केलं, कारण तिसऱ्यांदा करायचा आग्रह तिचा होता. एकाहून जास्त फरक कुठेच पडला नाही. पडला तो यंत्र कमी दाखवत होतं असा.

"यंत्र बिचारं सज्जन आहे," मिस्त्री नळी सोडवत म्हणाला. "कुणी बट्टा लावला होता त्याला?"

तिने वही उघडली. शेवटच्या पंधरवड्याच्या आकड्यांत तिने मनातल्या मनात आठ आणि चार परत मिळवायला सुरुवात केली. एकशे बावन्न-अठ्ठ्याण्णव. एकशे चोपन्न-शंभर. एकशे छप्पन्न-एकशे दोन. ही वही बघून डॉक्टरीणबाई सोमवारी म्हणाल्या होत्या, "घरचे आकडे काठावर आहेत, पण हाताबाहेर नाहीत. इथेही एकशे बेचाळीस आलंय, गोळी घेतल्यावर. ठीक आहे, तुमचं म्हणणं आहे तर गुरुवारपर्यंत बघू." वही बघून.

"मिस्त्री, माझं रीडिंग घ्याल? मी लिहिणार नाही. तुम्हीच लिहा."

त्याने पट्टा बाटलीवरून काढून तिच्या दंडाला बांधला. हात हलके, जोड बसवतात तसे. पाच मिनिटं दोघं गप्प बसले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं. तिने वर पाहिलं. ट्यूबलाइट स्थिर होती.

"एकशे सहासष्ट," मिस्त्रीने वाचलं, "खाली एकशे दहा."

"पहिलं धरायचं नाही."

"का?"

"आधी मोकळं करायला लागतं."

"गेज मोकळा करतात, बाई. स्प्रिंग चिकटलेली असते म्हणून." त्याने आकडा कागदावर लिहिला, वेळ लिहिली, खाली आपली सही केली. "तुमच्यात कुठे स्प्रिंग आहे?"

तो कागद त्याने तिच्या हातात दिला नाही. स्वतःच्या खिशात ठेवला. "चला, गाडी काढतो."

"मी जरा नणंदेला—"

"गाडीतून करा फोन."

*

दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत नणंद तिच्या आधीच हजर होती. मुंगीला शेजारणीकडे सोडून, घरातल्या चपला पायात तशाच घेऊन आली होती.

सिस्टरने दोन्ही हातांचं प्रेशर घेतलं. पट्टा बदलून, दंडाचा घेर फितीने मोजून. एकशे चौसष्ट-एकशे दहा. पंधरा मिनिटांनी पुन्हा: एकशे सहासष्ट-एकशे दहा. लघवीच्या पट्टीचा रंग डबीवरच्या शेवटच्या चौकोनाच्या अलीकडे थांबला. प्रथिनं तीन अधिक. दोन नळ्या रक्त निघालं. पोटावर दोन पट्टे बांधले गेले आणि खोलीत बाळाच्या ठोक्यांचा आवाज भरला, घोडा दौडल्यासारखा. यंत्रातून कागद सरकू लागला. तिने मान वळवून रेघ बघितली. एकशे अडतीस, एकशे बेचाळीस, एकशे चाळीस. मध्येच रेघ सपाट झाली की ती मान आणखी वळवायची.

"वाकडी मान करून बघू नका," सिस्टर म्हणाली. "बघायचं काम माझं."

"सपाट का येतेय?"

"झोपलं असेल. बाळं झोपतात, आयांसारखी नाहीत ती."

"किती वेळ सपाट चालते?"

"ताई," सिस्टर नणंदेकडे वळली, "या नेहमीच अशा का?"

"लग्नात मुंडावळ्या मोजल्या होत्या हिने," नणंद म्हणाली. "एका बाजूला एक मणी कमी होता म्हणे." पण तिने पदर उगाचच नीट केला.

डॉक्टरीणबाई आल्या त्या रक्ताचा अहवाल हातात घेऊनच. उंच, सडपातळ बाई. कधीही घाईत नसत आणि कधी बसतही नसत. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. तिने ते टिपलं.

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासून."

"डोळ्यांपुढे काही?"

"एकदा. दोनदा."

"इथे?" त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून दाबलं, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. तो बाळाचा पाय नव्हता.

"वही बघू."

तिने वही दिली. डॉक्टरीणबाईंनी शेवटचं पान काढलं. "आज सकाळी दीडशे-शंभर. आणि पाच तासांत एकशे सहासष्ट?" त्यांनी मान हलवली. "असं एकदम चढू शकतं. पण तुमचे रक्ताचे आकडे आजचे वाटत नाहीत. हे दोन-चार दिवस चाललेलं आहे."

इथे गप्प बसता आलं असतं. वही नीटनेटकी होती, अक्षर स्वच्छ होतं, कुणी विचारत नव्हतं. नणंद तिच्याकडे बघत होती. तिकीट खिडकीतून बघावं तशी.

"वहीतले आकडे खरे नाहीत," ती म्हणाली. "प्रत्येकात वर आठ आणि खाली चार मिळवा. मी वजा करत होते. मला वाटलं यंत्र जास्त दाखवतं. एकदाच ताडून बघितलं होतं. आज प्रयोगशाळेत नीट तपासलं, यंत्र बरोबर आहे." मग: "आणि पहिलं रीडिंग मी धरतच नव्हते. आज सकाळचं पहिलं एकशे चौसष्ट होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं, वहीतल्या शेवटच्या दहा ओळींपुढे एकेक करून खरे आकडे लिहिले आणि वही मिटली.

"सोमवारी हे मला माहीत असतं तर मी तुम्हाला घरी सोडलं नसतं."

"हो."

"बरं. आता ऐका. रागवायला वेळ नाही आणि तुमचं प्रेशर वाढवायचंही नाही." त्यांनी सिस्टरला खूण केली. सिस्टर सुई शोधायला लागली. "प्रेशर उतरवायचं औषध शिरेतून देतेय, दर दहा मिनिटांनी मोजू. दुसरं मॅग्नेशियम, झटके येऊ नयेत म्हणून. अंग गरम होईल, मळमळेल, घाबरू नका. प्लेटलेट्स ब्याण्णव हजारांवर आल्यात, मागच्या आठवड्यात दीड लाख होत्या. यकृताचे आकडे दुप्पट. हे थांबवायचा उपाय गोळ्या-इंजेक्शनांत नाही. त्यांनी फक्त वेळ मिळतो, तासांत मोजण्याइतका. उपाय म्हणजे बाळंतपण. पहिलं सिझेरियन आहे, तर हेही तेच."

"नऊ दिवस राहिलेत सदतीसला."

"माहीत आहे."

"वजन?"

"सोनोग्राफीत दोन किलो शंभर. शे-दोनशे इकडे तिकडे."

"पेटीत ठेवायला लागेल?"

"कदाचित दोन-तीन दिवस. कदाचित नाही. खात्री देत नाही. पण तेहतीस आणि जवळजवळ छत्तीस यांत फार फरक असतो."

सुई शिरली. तिने हात हलवला नाही. "मागच्या वेळी," ती छताकडे बघत म्हणाली, "मी एका मिनिटात हो म्हणाले होते. काही न विचारता. थांबले असते तर मुंगी—"

"तर काय झालं असतं हे मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फाइलवर एवढंच आहे की तेव्हाही हे असंच होतं. थांबल्यावर काय झालं असतं याचं रीडिंग कुणाकडेच नाही. तुमच्याकडेही नाही."

"दोन दिवस मिळणार नाहीत?"

"दोन दिवसांत बाळ साठ ग्रॅम वाढेल. तुमच्या प्लेटलेट्स कुठे असतील सांगता येत नाही. आज कमरेत इंजेक्शन देऊन भूल देता येईल, तुम्ही जाग्या राहाल, रडलेलं ऐकाल. उद्या कदाचित पूर्ण भूल द्यावी लागेल, रक्त चढवावं लागेल. वार आतल्या आत सुटली तर आपल्या हातात मिनिटं असतील. झटका आला तर तेवढीही नाहीत." त्यांनी घड्याळ बघितलं. "शेवटचं काय खाल्लंत?"

"साडेदहाला. दोन बिस्किटं आणि चहा."

"ठीक."

नणंदेने फोन कानाला लावला होता. तो तिने खाली घेतला. "लागत नाही. खाली गेलाय इंजिनात." ती पलंगाच्या कडेशी आली. "अगं, मी सांगू का यांना? तू नुसती मान हलव."

"नको, वन्सं."

"सही तुमचीच लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि माझं मत तुम्हाला सांगून झालंय. काही विचारायचं असेल तर विचारा. या खेपेला विचारा."

तिने विचारलं. एकामागून एक, ओळीने नव्हे, जसे येतील तसे. बाळ रडलं नाही तर पहिल्यांदा काय करतात. मुलांचे डॉक्टर आत असतात की बाहेरून बोलावतात. मॅग्नेशियम चालू असताना बाळाला जवळ घेता येतं का. पेटी याच मजल्यावर आहे की वर. काचेच्या भोकातून हात आत घालू देतात का, की थांबवतात. ऑपरेशननंतर प्रेशर किती दिवसांनी उतरतं, आणि ते कोण मोजतं. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. दोनदा "माहीत नाही, विचारून सांगते" असंही म्हणाल्या. दहा मिनिटं झाली, सिस्टरने प्रेशर घेतलं: एकशे अठ्ठावन्न-एकशे चार. औषध लागू पडत होतं. अंगात गरम लाट चढत गेली, कानापर्यंत. रेघ सपाट झाली, आणि बराच वेळ सपाट राहिली, मग बाळाने कूस बदलली आणि ती डोंगरासारखी वर गेली.

तिच्याकडचे प्रश्न संपले होते. आणखी एखादा सापडतो का म्हणून ती शोधत राहिली. छतावर पंखा होता, कोपऱ्यात औषधांची ट्रॉली, दारात स्ट्रेचर आणून उभा केलेला वॉर्डबॉय, आणि पलंगाच्या कठड्यावर नणंदेची घट्ट आवळलेली, पांढरी पडलेली बोटं.

"अगं मापाडीण," नणंद हळूच म्हणाली, "बोल की काहीतरी."

तिने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"आज काढा बाळाला," ती म्हणाली. "आत्ताच."